नुसता प्रवेश देऊन भागत नाही, हे बाबासाहेबांना स्वतःच्या अनुभवानं माहीत होतं

१९५० च्या आधी मराठवाड्यातल्या पोराला बी.ए. व्हायचं म्हटलं, की ट्रंक उचलून बहुतेक वेळा हैदराबाद गाठावं लागे. मग तो कन्नडचा असो, वैजापूरचा असो की पैठणचा. निजामाचं राज्य, विद्यापीठ एकच, उस्मानिया. तिथं शिकवायची भाषा उर्दू. घरी बागायत असलेल्याला, वतनदाराला ते कसंबसं झेपायचं. ज्याच्या घरी संध्याकाळच्या भाकरीची पंचाईत, त्याच्या पोरानं कॉलेजचं नाव काढणं म्हणजे गावात हसू करून घेणं.

जून १९५० मध्ये औरंगाबादेत एक नवं कॉलेज सुरू झालं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज. आज सगळे त्याला मिलिंद महाविद्यालय म्हणतात. ते काढणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा देशाचे कायदेमंत्री होते. वय ५९, मधुमेहानं शरीर पोखरलेलं, गुडघे दुखायचे. राज्यघटनेचं काम नुकतंच हातावेगळं झालेलं आणि हिंदू कोड बिलावरून दिल्लीत रण माजलेलं. अशा धामधुमीत हा माणूस औरंगाबादेत येऊन कॉलेजची इमारत कुठं उभी राहील, वसतिगृह कुठं असेल, झाडं कुठली लावायची, हे जातीनं बघत होता.

घटनाकार बाबासाहेब, चवदार तळ्याचे बाबासाहेब आपल्याला माहीत असतात. जयंतीला भाषणात तेच येतात. पण बाबासाहेबांच्या आयुष्याची निम्मी वर्षं शिकण्यात आणि शिकवण्यात गेली, ही गोष्ट मागं पडते. कॉलेजात गेलेलं गरिबाचं पोरगं टिकतं कशानं आणि गळतं कशानं, याचा हिशेब त्यांच्याइतका क्वचितच कोणी मांडला असेल. तो त्यांनी पुस्तकात वाचून नव्हे, सोसून मांडला.

गोणपाट, दिवा आणि बापाची झोप

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार, आणि लष्करी शाळेत शिकवणारे. पुढं कुटुंब साताऱ्याला आलं आणि नोव्हेंबर १९०० मध्ये भिवा तिथल्या सरकारी हायस्कुलात दाखल झाला. प्रवेश मिळाला, नाव रजिस्टरात चढलं. पण बसायला घरून गोणपाट न्यावं लागे, वर्गात बाजूला बसावं लागे. तहान लागली तर शिपाई वरून पाणी ओतेल तेव्हाच प्यायचं. शिपाई नसला तर कोरड्या घशानं घरी.

मग मुंबई. परळच्या डबक चाळीत एकच खोली. त्याच खोलीत भांडीकुंडी, चुलीचा धूर, माणसं, जातं आणि कोपऱ्यात बांधलेली शेळी. तिथं पोरगं अभ्यास करणार कुठं? रामजींनी त्यावर उपाय काढला. भिमाला संध्याकाळीच झोपवायचं आणि स्वतः जागं राहायचं. रात्री दोन वाजता त्याला उठवून दिव्यापाशी बसवायचं आणि त्यानं मोकळ्या केलेल्या जागेवर मग बापानं आडवं व्हायचं. दिव्याला काच नव्हती, ज्योत भुरभुरायची. शेजारी जातं, पायाशी शेळी.

आज अभ्यासिका म्हणून ज्याला आपण ओळखतो, ती बाबासाहेबांची पहिली अभ्यासिका ही अशी होती. बापानं आपली झोप मोडून दिलेली दोन-तीन तासांची जागा.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. आजच्या ९५ टक्क्यांच्या जमान्यात हा आकडा बघून कोणी नाक मुरडेल, पण चाळीनं सत्काराची सभा भरवली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर होते. केळुसकर गुरुजी विल्सन हायस्कुलात शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत ते संध्याकाळी वाचत बसायचे आणि तिथंच त्यांची या पोराशी ओळख झालेली. शाळा सुटली की हा मुलगा बागेत येऊन पुस्तकात डोकं घालतो, हे त्यांनी हेरलं होतं. त्यांनी त्याला पुस्तकं दिली, काय वाचावं ते सांगितलं. सत्काराच्या दिवशी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. ते पुस्तक पुढं कुठवर गेलं, हे नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाणाऱ्याला सांगायला नको.

केळुसकर भीमरावांच्या शाळेतले शिक्षक नव्हते. त्यांच्या पगारात हे काम धरलेलं नव्हतं. तरीही पोराचं पुढचं शिक्षण अडतंय म्हटल्यावर ते त्याला घेऊन सयाजीराव गायकवाड महाराजांकडे गेले. महाराजांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात शिकू लागले.

कॉलेजातही सगळं सुरळीत नव्हतं. तिथला हॉटेलवाला त्यांना चहा देत नसे, पाणीही देत नसे. म्हणजे फी भरली, वर्गात बाकही मिळालं, पण दिवसभर घशाला ओल नाही. अशा वेळी प्राध्यापक म्युलर यांनी त्यांना वाचायला पुस्तकं दिली आणि अंगावर घालायला कपडेही दिले. बी.ए. ची परीक्षा सुटली. फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी गेले. रात्री दोनला उठवणारा माणूस राहिला नाही.

न्यूयॉर्कचा वर्ग वेगळाच होता

त्याच वर्षी सयाजीरावांनी परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची चाकरी करायची, असा करार. जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले.

इथं जरा थांबायला हवं. त्यांच्या पुढच्या साऱ्या शैक्षणिक विचाराची मुळं इथं आहेत.

मुंबई विद्यापीठ तेव्हा मुख्यतः परीक्षा घेणारं विद्यापीठ होतं. शिकवायचं कॉलेजांनी, प्रश्नपत्रिका काढायची विद्यापीठानं. नेमलेलं पुस्तक, नेमलेले धडे. प्राध्यापक सांगणार, पोरं उतरवून घेणार, घोकणार आणि मार्चात ओकणार. कोलंबियात मात्र विद्यार्थ्यानं आपले विषय बऱ्याच अंशी आपणच निवडायचे होते. प्राध्यापक ज्या विषयावर स्वतः संशोधन करतोय, तोच विषय वर्गात मांडायचा. शिवाय सेमिनार नावाचा प्रकार होता. दहा-पंधरा जण टेबलाभोवती बसायचे, एका विद्यार्थ्यानं निबंध वाचायचा, बाकीच्यांनी आणि प्राध्यापकानं त्यावर प्रश्न करायचे, उणं काढायचं. वाचणाऱ्यानं उत्तर द्यायचं. पाठांतराला तिथं काही किंमत नव्हती.

गोणपाटावर वेगळं बसलेला मुलगा आता टेबलाशी सगळ्यांच्या बरोबरीनं बसला. त्यानं त्या तीन वर्षांत काय केलं? अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि वर फ्रेंच व जर्मनची तोंडओळख. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली. जेवणात काटकसर करून.

शिक्षकही तसेच लाभले. अर्थशास्त्राचे एडविन सेलिग्मन. तत्त्वज्ञानाचे जॉन ड्युई, ज्यांचं म्हणणं असं की शिक्षण आणि लोकशाही या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत, आणि माणूस कृतीतून, अनुभवातून शिकतो. ड्युईंची छाप बाबासाहेबांच्या लिखाणावर शेवटपर्यंत राहिली. मानववंशशास्त्राचे गोल्डनवायझर, ज्यांच्या सेमिनारमध्ये ९ मे १९१६ रोजी भीमरावांनी भारतातल्या जातींवर आपला निबंध वाचला. जात कशी जन्मली, कशी टिकली, कशी पसरली, याची ती मांडणी. ज्या गोष्टीमुळं साताऱ्यात पाणी मिळत नव्हतं, तिच्यावर आता ते जगातल्या विद्वानांपुढं अभ्यासक म्हणून बोलत होते. वय होतं २५. पुढच्या वर्षी तो निबंध भारतातल्या एका नामांकित संशोधन नियतकालिकात छापून आला.

१९१५ मध्ये एम.ए. झालं होतं. १९१६ च्या शरद ऋतूत ते लंडनला गेले, तेव्हा सेलिग्मन यांनी तिथल्या ओळखीच्या विद्वानांना त्यांच्यासाठी पत्रं लिहिली. चांगला शिक्षक विद्यार्थ्याला नुसतं शिकवत नाही, पुढचं दार कुठलं आहे ते दाखवतो आणि आतल्या माणसाला सांगूनही ठेवतो. खेड्यातल्या पोरांना आजही नेमकं हेच कमी पडतं. मार्क असतात, पण कुठं अर्ज करायचा ते सांगणारं कोणी नसतं.

शिष्यवृत्ती संपली

लंडनमध्ये एकीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, दुसरीकडे बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. दोन्ही सुरू झालं आणि वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये अर्ध्यावर सोडून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करायची सवलत तेवढी मिळाली. पहिल्या महायुद्धाचे दिवस. पुस्तकांचं सामान वेगळ्या बोटीनं पाठवलं होतं, ती बोट पाणतीरानं बुडवली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली.

करारानुसार बडोद्याला नोकरीला गेले. तिथं शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकायचे. राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हुसकावलं. कोलंबियाचा एम.ए. झाडाखाली बसून रडला, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे, तिचा विस्तार इथं नको.

मुंबईत परतून काही दिवस शिकवण्या केल्या. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पगार ४५० रुपये. सुरुवातीला पोरांनी हलक्यात घेतलं. हा काय शिकवणार, असा भाव. पण बाबासाहेब तयारी करून यायचे, नुसत्या पुस्तकातल्या व्याख्या सांगत नसत, विषय मुळापासून उलगडायचे. थोड्याच दिवसांत दुसऱ्या कॉलेजांतली पोरं परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. गंमत बघा, वर्ग भरून वाहतोय आणि स्टाफरूममध्ये काही सहकारी प्राध्यापक मात्र त्यांनी तिथल्या माठातलं पाणी पिण्याला हरकत घेतायत.

पगारातला पैसा साठवला. मार्च १९२० मध्ये राजीनामा दिला. शाहू महाराजांनी मदत केली, न्यूयॉर्कचे खोलीसोबती नवल भथेना यांच्याकडून पाच हजार कर्ज घेतलं आणि ते पुन्हा लंडनला गेले.

या दुसऱ्या फेरीचे दिवस कठीण होते. घरमालकीण सकाळी पावाचा तुकडा, माशाची फोड आणि एक पेला गरम पेय देई. त्यावर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाऊन बसायचं ते संध्याकाळी बंद होईपर्यंत. दुपारचं जेवण नाही, त्याला पैसेच नव्हते. बसभाडं वाचवायला पायी चालायचं. रात्री परत थोडं काही पोटात टाकून पहाटेपर्यंत वाचन. भूक अनावर झाली की एका ओळखीच्या माणसानं दिलेले पापड भाजून खायचे. तिकडं मुंबईत रमाबाई अपुऱ्या पैशांत संसार ओढत होत्या. बाबासाहेबांच्या पदव्या मोजताना त्या माउलीच्या उपवासांचाही हिशेब धरायला पाहिजे. तो सहसा कोणी धरत नाही.

१९२१ मध्ये एम.एस्सी. झालं. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी. चा प्रबंध सादर केला. परीक्षकांना मांडणी झोंबली. इंग्रजांच्या चलनविषयक धोरणावर त्यात थेट टीका होती. प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्या, असं कळवण्यात आलं. पैसे संपलेले, एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला यावं लागलं. इथं बसून त्यांनी तो पुन्हा लिहिला, पण निष्कर्ष बदलले नाहीत. शेवटी नोव्हेंबर १९२३ मध्ये पदवी मिळाली.

त्यांचे तिथले प्राध्यापक होते एडविन कॅनन. प्रबंध पुस्तकरूपानं आला तेव्हा कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात आपल्या विद्यार्थ्याशी बऱ्याच मुद्द्यांवर आपलं जुळत नाही, हे स्वच्छ सांगितलं. तरीही त्याच्या मांडणीतला ताजेपणा वाखाणला. मतभेद असलेल्या विद्यार्थ्याच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणारा मास्तर. आपल्याकडं उलटं उत्तर दिलं तर इंटर्नलचे मार्क जातील की काय, अशी पोरांना धास्ती असते.

सेलिग्मन यांनीही हेच केलं. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा प्रबंध १९२५ मध्ये छापला गेला तेव्हा प्रस्तावना त्यांची होती. छापील प्रती दाखल झाल्यावर १९२७ मध्ये कोलंबियाची पीएच.डी. रीतसर पदरात पडली.

विद्यापीठ कशासाठी असतं?

१९२४-२५ च्या सुमारास मुंबई विद्यापीठात सुधारणा करण्यासाठी समिती बसली होती. तिनं जाणकारांना लेखी प्रश्न पाठवले. बाबासाहेबांनी दिलेली उत्तरं आज शंभर वर्षांनंतरही कुठल्याही प्राध्यापकानं वाचावीत अशी आहेत. जयंतीच्या भाषणांत त्यांचा उल्लेख जवळपास नसतोच.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. विद्यापीठातलं शिकवणं मोठ्या माणसांना शोभेल असं हवं, शाळकरी नको. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती कोंबणं हे काम नाही, त्याला स्वतः विचार करायला लावणं हे काम आहे. मोठमोठ्या ग्रंथकारांचं लिखाणही त्यानं तपासून बघायला शिकावं, जमेल तिथं मूळ कागदपत्रांपर्यंत जावं. खरी घटना कुठली आणि नुसतं मत कुठलं, यातला फरक त्याला ओळखता यावा. आणि सगळ्यात अवघड गोष्ट, ज्याच्याशी आपलं अजिबात पटत नाही त्याची बाजूही प्रामाणिकपणे, समजून घेऊन मांडता यावी.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज काय चालतं ते आठवून ही शेवटची अट वाचावी.

दुसरा मुद्दा त्यांनी व्यवस्थेचा काढला. पदवीचं शिक्षण कॉलेजांकडं आणि पदव्युत्तर शिक्षण व संशोधन विद्यापीठाकडं, अशी फारकत त्यांना मान्य नव्हती. शिकवणारा स्वतः शोध घेत नसेल तर त्याचं शिकवणं शिळं होतं, आणि शोध घेणाऱ्याला पोरांसमोर उभं राहावं लागलं नाही तर त्याचा शोध कोरडा पडतो, असा त्यामागचा विचार. विद्यापीठानं नुसती परीक्षा घेणारी कचेरी होऊ नये, यावर त्यांचा भर होता.

हे लिहीत होते तेव्हा ते स्वतः शिकवतही होते. बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत १९२५ ते १९२८ व्यापारी कायदा शिकवला. पुढं मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले आणि जून १९३५ पासून तीन वर्षं तिथंच प्राचार्य. सातारच्या वर्गाबाहेरून आत आलेला माणूस आता प्रांतातल्या पहिल्या लॉ कॉलेजच्या मुख्य खुर्चीत होता.

आधी वसतिगृह, मग बाकीचं

१९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिनं हाती घेतलेल्या पहिल्या कामांत एक होतं सोलापूरचं वसतिगृह. जानेवारी १९२५ मध्ये ते सुरू झालं. शाळा काढायच्या आधी वसतिगृह का? डबक चाळीतला तो दिवा आठवला की उत्तर मिळतं. पोराला वर्गात घेतलं, पण घरी बसायला जागा नाही, शेजारी भांडण, आई कामावर, बाप कर्जात. तर वर्गात शिकवलेलं रात्रीपर्यंत उडून जातं.

१९२७ मध्ये ते मुंबई विधिमंडळात बोलत होते. मागास वर्गांतल्या मुलांना सुटी शिष्यवृत्ती वाटत बसण्यापेक्षा तोच पैसा वसतिगृहांवर खर्च करा, असं त्यांनी सरकारला सुचवलं. शिष्यवृत्तीचे चार पैसे घरात आले की चुलीत जातात, त्यात घरच्यांचाही दोष नसतो, गरिबीचा असतो. पण वसतिगृहात पोरगं अभ्यासाच्या हवेत राहतं. गंमत अशी की हे सांगणारा माणूस स्वतः शिष्यवृत्तीवर शिकलेला. त्याला शिष्यवृत्तीची किंमत कळत होती आणि ती कुठं अपुरी पडते तेही कळत होतं.

म्हणून शिष्यवृत्तीचा मुद्दा त्यांनी सोडला मात्र नाही. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेले आणि त्याच वर्षी अनुसूचित जातींच्या तक्रारींचं सविस्तर निवेदन व्हाइसरॉयपुढं ठेवलं. त्यात उच्च शिक्षणासाठी, खास करून विज्ञान आणि तंत्रज्ञानासाठी, सरकारी मदतीची मागणी होती. त्यानंतर मॅट्रिकपुढच्या शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. आज महाडीबीटीवर जो पोस्ट मॅट्रिकचा फॉर्म भरायला नेट कॅफेत रांग लागते, त्या योजनेचं मूळ इथं आहे. पैसे वर्ष संपल्यावर खात्यात येतात, तोवर पोरगं खोलीचं भाडं कशातून भरणार, हा प्रश्न १९१७ च्या लंडनमधल्या विद्यार्थ्याला लगेच कळला असता.

सकाळचं कॉलेज

जुलै १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं. या कॉलेजचं वेळापत्रक हीच मोठी गोष्ट होती. तास सकाळी. कचेरीत कारकुनी करणारा, दुकानात, गोदीत, पोस्टात काम करणारा पोरगा सकाळी तास करून वेळेवर कामावर जाऊ शकेल, असं. तोवर नोकरी म्हणजे शिक्षण बंद, असाच हिशेब होता. बाबासाहेबांनी विद्यार्थ्याला वेळेनुसार वाकवलं नाही, वेळ विद्यार्थ्याच्या मापाची केली. प्रवेश सगळ्या जातिधर्मांना खुला. प्राध्यापक निवडून आणलेले. ग्रंथालयावर विशेष लक्ष, आणि का असणार नाही, ज्याची पुस्तकं समुद्रात बुडाली आणि ज्यानं पुढं दादरला घर बांधलं ते माणसांइतकंच पुस्तकांसाठी.

आणखी एक प्रयोग तिथं होता. विद्यार्थ्यांची संसद. पोरांनी सभापती निवडायचा, मंत्रिमंडळ करायचं, विरोधी बाकावर बसायचं, बिल मांडायचं, त्यावर नियमानं वाद घालायचा. हिंदू कोड बिलासारखा तापलेला विषय तिथं चर्चेला आला. जानेवारी १९५० मध्ये खुद्द कायदेमंत्री बाबासाहेब तिथं येऊन त्यावर बोलले. कोलंबियाच्या सेमिनारचं टेबल मुंबईच्या पोरांसाठी असं मांडलं गेलं.

नागसेनवन

आणि मग औरंगाबाद. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली होती. मराठवाडा मोकळा झाला, पण शिक्षणात पार मागं राहिलेला. दलितांचीच पोरं नव्हे, कुणबी, धनगर, वंजारी, मुसलमान, कुणाच्याच गरीब घरातलं पोरगं कॉलेजपर्यंत पोचत नव्हतं. बाबासाहेबांनी मुंबई-पुण्याची सोय सोडून इथं कॉलेज काढायचं ठरवलं, ते याच हिशेबानं. पहिले प्राचार्य म्हणून आपले जुने विश्वासू सहकारी म. भि. चिटणीस यांना पाठवलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली.

कॉलेजच्या आसपास वसतिगृहं आलीच. सोलापूरला जे शिकले, ते इथं मोठ्या प्रमाणावर केलं. गावाहून आलेल्या पोराला राहायला जागा, जेवायला ताट आणि दिव्याखाली बसायला टेबल मिळालं, म्हणजे अर्धी लढाई झाली, हा त्यांचा अनुभव. परिसराला त्यांनी नाव दिलं नागसेनवन आणि कॉलेजला पुढं मिलिंद.

या नावांमागं एक जुनी कथा आहे. मिलिंद, म्हणजे मिनँडर, हा ग्रीक वंशाचा राजा. विद्वत्तेचा त्याला मोठा अभिमान, वादात त्याला कोणी हरवू शकत नसे. नागसेन हा बौद्ध भिक्खू. राजा प्रश्न विचारत गेला, भिक्खू उत्तर देत गेला आणि अखेर राजाला त्याचं म्हणणं पटलं. पालीतला एक ग्रंथच या प्रश्नोत्तरांचा आहे. कॉलेजला साधूचं नाव देता आलं असतं, देणगीदाराचं देता आलं असतं. बाबासाहेबांनी प्रश्न विचारणाऱ्याचं दिलं.

शिकलेल्या माणसांनी त्यांची निराशाही केली. शेवटच्या वर्षात, आग्र्याच्या सभेत, शिकून नोकरीला लागलेले लोक गावाकडं, आपल्या माणसांकडं वळून बघत नाहीत, याचं दुःख त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवलं. तरीही त्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थचं लॉ कॉलेज सुरू झालं. निराशा एका बाजूला आणि नवी इमारत दुसऱ्या बाजूला, दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेब गेले. औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ आलं ते त्यानंतर, २३ ऑगस्ट १९५८ रोजी. म्हणजे मिलिंद कॉलेज विद्यापीठाहून आठ वर्षांनी मोठं. त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. त्याआधीचा नामांतराचा लढा आणि त्यात गेलेली माणसं ही वेगळी कहाणी आहे.

नागसेनवनात गावोगावची पोरं येत राहिली. कुणाच्या घरी अक्षर ओळखणारं कोणी नव्हतं, कुणाचा बाप सालगडी, कुणाची आई खडी फोडणारी. डॉ. गंगाधर पानतावणे याच मिलिंदमध्ये शिकवायचे. त्यांनी चालवलेल्या अस्मितादर्श या नियतकालिकातून दलित लेखकांची एक अख्खी पिढी लिहिती झाली. त्यातल्या कितीतरी जणांनी पहिली कविता वसतिगृहाच्या खोलीत, दिव्याखाली बसून लिहिली असेल.